अर्ध्या शेराचा पैलवान

आमच्या घराण्यात कुणी लढाई केल्याचे ऐकिवात नाही. पणजोबा कुणाच्या फौजेत नव्हते; आजोबांनी बांधाच्या भांडणातसुद्धा कधी काठी उचलली नाही; आणि मी तर मराठीचा प्राध्यापक. माझी झुंज दरवर्षी ऱ्हस्व-दीर्घांशी चालते आणि तीत विजय नेहमी विद्यार्थ्यांचाच होतो. अशा या शांतताप्रिय कुळात गेल्या वर्षी, मे महिन्यात, जेवताजेवता आमच्या चिरंजीवांनी घोषणा केली, "बाबा, मी लढाईत उतरतोय."

सौभाग्यवतींच्या हातातली पळी आमटीतच राहिली.

"कुणाशी?" मी विचारले.

"ते अजून ठरलं नाही. वजन तेवढं ठरलंय. एक पौंड."

चिरंजीव तेव्हा सोलापुरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातले निम्मे आम्हांला कळत नाही हे आम्ही धरूनच चाललो होतो. हळूहळू उलगडा झाला. लढायचे होते ते त्यांनी नव्हे, त्यांनी बनवलेल्या यंत्राने. जाड पारदर्शक भिंतींच्या हौद्यात दोन लहान गाड्या सोडायच्या, मालकांनी बाहेर उभे राहून बिनतारी कळ फिरवायची आणि गाड्यांनी एकमेकींची हाडे मोडायची. हा खेळ 1994 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मार्क थॉर्प नावाच्या गृहस्थाने सुरू केला. त्याआधी तो घर झाडणारे यंत्र बनवण्याच्या खटपटीत होता म्हणे. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरे काय! आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.त 1998 पासून 'टेकफेस्ट' भरतो, तिथे या कुस्त्यांना इतकी गर्दी होते की तेवढी माझ्या तासाला झाली तर मी बोलायचे विसरून जाईन.

पवईतले मोठे मल्ल साठ-साठ किलोंचे असतात. आमच्या खिशाला आणि आमच्या दोन खोल्यांना झेपेल असा गट शोधता शोधता चिरंजीव अगदी तळाशी येऊन पोचले. या गटाला 'मुंगी' म्हणतात. इंग्लंडातली मुंगी दीडशे ग्रॅमची आणि चार इंचांच्या चौकोनी डब्यात मावणारी. अमेरिकेतली एक पौंडाची, म्हणजे 454 ग्रॅमची. आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढे याचा हिशोब जुन्या मापात केला आणि म्हणाले, "म्हंजे अर्ध्या शेराला कमीच की रं!"

या मुंग्यांतही जाती आहेत. बहुतेक जणी पुढे पाते बसवतात आणि ते गरगरा फिरवून समोरच्याला कापून काढतात. चिरंजीवांना ते पसंत नव्हते. त्यांना हवा होता उचलून फेकणारा. समोरच्याच्या पोटाखाली पुढची फळी सरकवायची, कळ दाबायची, आणि हवेच्या दाबाने फळी अशी वर उसळली पाहिजे की गडी पाठीवर. इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर 'केऑस टू' नावाचे असेच एक यंत्र होते, त्याने लागोपाठ दोन वर्षे गदा मारली. त्याची चित्रे चिरंजीवांनी मला दाखवली. वजनदार प्रतिस्पर्धी ते भिंतीपलीकडे भिरकावून देत असे. मला त्यात मातीतली धोबीपछाड दिसली आणि मी, काय सांगू, थोडासा विरघळलो.

"मग अडचण काय आहे?" मी म्हणालो.

अडचण अशी की जगात हवेवर चालणारी यंत्रे भरपूर आहेत, परंतु ती सगळी माणसाच्या किंवा हत्तीच्या मापाची आहेत. मुंगीच्या मापाची नाहीत.

फळी उडवायला चार वस्तू लागतात. हवा साठवायची टाकी, ती अडवायची आणि सोडायची झडप, दट्ट्या असलेले नळकांडे, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या. ('दट्ट्या' हा शब्द माझा. चिरंजीव 'पिस्टन' म्हणत होते. या सबंध उद्योगात भाषेच्या प्राध्यापकाने घातलेली ही एकमेव भर; शब्द त्यांना इतका आवडला की पुढे त्यांच्या मित्रमंडळात दुसरा कुणी वापरीना.) चाके, मोटारी, बॅटरी, सांगाडा यांचे वजन वजा जाता या चौघांच्या वाट्याला दीडशे ग्रॅम येत होते. दीडशे ग्रॅम म्हणजे आमच्याकडे सकाळच्या पोह्यांत पडतो तेवढा कांदा.

नळकांड्यांचे शास्त्र मला त्या महिन्यात पाठ झाले. कारखान्यांत सर्रास वापरतात ती बत्तीस मिलिमीटर व्यासापासून पुढची. त्याखाली आठ ते पंचवीस मिलिमीटरांची धाकटी जात. त्याच्याही खाली जपानच्या एसएमसीने आणि जर्मनीच्या फेस्टोने अडीच मिलिमीटर व्यासाची नळकांडी काढली आहेत, पेन्सिलीच्या शिशासारखी. मला वाटले, झाले, मिळाले. परंतु चिरंजीवांनी कागदावर गणित मांडले. चार मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात सात बार दाबाची हवा सोडली तर दट्ट्या किलोभरही जोर करीत नाही. दहा मिलिमीटरच्यात सोडली तर साडेपाच किलो. व्यास अडीच पट, जोर सहा पट. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा जो नियम मॅट्रिकनंतर मी आनंदाने विसरलो होतो, तो असा पुन्हा घरात शिरला. म्हणजे फार लहान चालत नाही आणि मोठे वजनात बसत नाही. दहा मिलिमीटर हवे, हलके हवे, आणि त्याची दुकानातली किंमत ऐकल्यावर असे ठरले की ते जुनेही हवे.

जूनच्या आरंभी एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी मुंबईला गेलो होतो. निबंधाचा विषय होता संतवाङ्मयातील वायुतत्त्व, म्हणजे खिशातल्या चिठ्ठीशी अगदीच विसंगत नव्हता. परतायच्या दिवशी नागदेवी स्ट्रीटवर गेलो. त्या रस्त्यावर लोखंडाचे काय मिळत नाही! पाने, पक्कड, पट्टे, बेअरिंगे, झडपा. एकेका दुकानाचा दर्शनी भाग म्हणजे एखाद्या कारखान्याचे आतडे बाहेर काढून टांगलेले. एका दुकानदाराने विचारले, "बोअर किती, स्ट्रोक किती?"

मी घाईघाईने म्हणालो, "स्ट्रोक आमच्या घरात कुणालाच नाही हो, देवाच्या दयेनं."

तो सज्जन हसला नाही. दट्ट्या किती अंतर सरकतो त्याला स्ट्रोक म्हणतात असे त्याने मला समजावले, गादीवरून उठून आतून एक नळकांडे आणून दाखवले, आणि चिठ्ठीवरचे वजन वाचून परत आत नेऊन ठेवले. "शंभर नग घेणार असाल तर मागवतो," तो म्हणाला. अशा सहा दुकानांत मी गेलो. सगळ्यांनी आदराने वागवले. एकाने चहाही पाजला. एक नग मात्र कुणाला विकायचा नव्हता.

इकडे घरात निराळाच शोध चालू होता. माझे रक्तदाब मोजायचे यंत्र एका सकाळी उघडलेले सापडले. त्यात एक चिमुकला पंप आणि एक चिमुकली झडप असते ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. वजनाला अगदी फुलासारख्या. पण ते यंत्र फार तर तीनशे मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगते, म्हणजे अर्धा बारसुद्धा नाही. "तुमच्या दंडाला पुरतं बाबा, लढाईला नाही," असा शेरा मारून चिरंजीवांनी ते पुन्हा जुळवून दिले. तेव्हापासून माझा रक्तदाब नेहमी कमीच दाखवतो, त्यामुळे माझी तक्रार नाही. मग औषधाच्या दुकानातल्या सिरिंजा झाल्या. त्यांचा रबरी दट्ट्या चार बारलाच तोंड वाकडे करी.

पहिली खरी वस्तू मिळाली ती माझ्या दाढेमुळे. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलो असता माझ्या ध्यानात आले की त्यांची ती सुं-सुं करणारी चक्की हवेवर चालते. पायाशी पेडल, पेडलापासून नळ्या, आणि नळ्या बोटापेक्षा बारीक! तोंडात कापूस असल्यामुळे मी हातवारे करून विचारू लागलो. डॉक्टरांना वाटले फार दुखते आहे. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिले. बधिर जिभेने मी अखेर कहाणी सांगितली तेव्हा ते मोठ्याने हसले आणि जुन्या खुर्चीच्या पेटीतून काढलेली अंगठ्याएवढी पितळी झडप त्यांनी मला कागदात बांधून दिली. ही झडप विजेवर चालत नाही. तिला हवेनेच उघडावे लागते. तिचा उपयोग काय ते तेव्हा चिरंजीवांना कळले नाही आणि ती खिळ्यांच्या डब्यात पडून राहिली.

दुसरी वस्तू भंगारात मिळाली. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका भंगारवाल्याकडे मोडकी पाकीट-बंद-करायची यंत्रे येऊन पडली होती. पाकिटाचे तोंड दाबून चिकटवायला त्यांत लहान नळकांडी असतात. चिरंजीव आणि त्यांचे दोन मित्र एक रविवारभर त्या ढिगात बसले आणि दहा मिलिमीटरचे, पंचवीस मिलिमीटर सरकणारे एक नळकांडे घेऊन आले. भंगारवाल्याने ते तराजूत टाकले, भाव काढला, आणि इतकी कमी रक्कम घ्यायची त्यालाच लाज वाटली म्हणून वर दोन बेअरिंगे दिली. नागदेवी स्ट्रीटवर मी ज्या मालासाठी टाचा झिजवल्या तो सोलापुरात वजनावर मिळाला.

आता हवा कुठून आणायची? आमच्या सोलापूरच्या दोन खोल्यांत हवा नुसती श्वासाला पुरते. तेव्हा सगळा सरंजाम तामलवाडीला हलला.

तामलवाडी आमचे मूळ गाव. सोलापूरहून तुळजापूरला निघालात की साधारण निम्म्या वाटेवर, आता धाराशिव म्हणतात त्या जिल्ह्यात. पूर्वी एस.टी. थांबली तरच गाव आहे असे कळे. आता टोलनाक्यामुळे सगळ्यांनाच थांबावे लागते. आमचे घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. समोर पंक्चरचे दुकान, दुकानात दिवसभर धडधडणारा कंप्रेसर. आई गेल्यापासून आण्णा तिथे एकटेच असतात. सोलापूरला चला म्हटले की म्हणतात, "तितं गाड्या लई वाजतात." समोर राष्ट्रीय महामार्ग असलेला माणूस हे बोलतो.

आण्णांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ते एस.टी.त मेकॅनिक होते. तुळजापूरच्या आगारात त्यांची हयात गेली, आणि त्यातली बरीचशी बसगाडीच्या पोटाखाली, उताणी. ब्रेकचे काम त्यांच्याकडे असे. संध्याकाळी घरी आले की रॉकेलच्या बोळ्याने, मग साबणाने, मग पुन्हा राखेने हात धूत. नखांतला काळा रंग निघाल्याशिवाय माझ्या पुस्तकाला हात लावीत नसत. सुटीत आगारात नेण्याचा हट्ट मी एकदाच धरला. "तू शाईनं हात काळं कर," एवढेच म्हणाले, आणि मी केले. एम.ए. झालो. पण पहिल्या नोकरीच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'मेकॅनिक' लिहिले नाही. 'शासकीय सेवा' असे काहीतरी गुळगुळीत लिहिले. अर्ज टपालात टाकायला आण्णांच्याच हातात दिला होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली, आणि तुळजापूरला जाऊन रजिस्टर करून आले. पावती माझ्या हातात ठेवली. त्यावर आम्ही दोघे आजतागायत एक शब्द बोललेलो नाही.

तर असे हे आण्णा पहिल्या दिवशी नातवाचा पसारा बघत खाटेवर बसून होते. चिरंजीवांचा बेत द्रवरूप कार्बन डायॉक्साइड वापरायचा होता. सोडा करायच्या बाटलीत खुपसतात त्या आठ ग्रॅम वायूच्या पोलादी कुप्या त्यांनी मागवल्या होत्या. वीस अंश उष्णतेला त्या कुपीत सत्तावन्न बार दाब असतो. एकतीस अंशांच्या वर तो वायू द्रवरूपात राहायलाच तयार नसतो आणि दाब चढत जातो. तामलवाडीत त्या दिवशी बेचाळीस अंश होते आणि कुप्या पत्र्याच्या पेटीत, उन्हात. आण्णांनी एक कुपी उचलली, झटकन दुसऱ्या हातात घेतली, आणि काही न बोलता सगळ्या कुप्या नेऊन माठाखालच्या ओल्या वाळूत पुरल्या.

"सात-आठ किलोच्या वर न्हाई," ते म्हणाले. मेकॅनिक लोक दाबाला 'किलो' म्हणतात. "एवढी थोरली यश्टी सात-आठ किलोवर थांबती. तुज्या अर्ध्या शेराला किती पायजे?"

तेव्हा कुप्या सावकाश रिकाम्या करून त्यांच्याच टाक्या करायचे ठरले. सोलापूरच्या एका लेथवाल्याने कुपीच्या तोंडाशी पाच मिलिमीटरचे आटे पाडून दिले. गळणाऱ्या दट्ट्याला गावातल्या फवारणी पंपवाल्याकडची ओ-रिंग चपखल बसली. नळी मात्र मिळेना. सात किलो दाब सोसणारी चार मिलिमीटरची नळी सोलापुरात मीटरवर मिळते, ती आणायचे मी कबूल केले होते आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत विसरलो. चिरंजीवांना धीर कुठला? त्यांनी शेजारच्या मळ्यातली ठिबक सिंचनाची बारीक काळी नळी कापून आणली आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरला जोडली. ती नळी झाडाच्या बुंध्याशी थेंब थेंब पाणी सोडायला केलेली. ती फुगली, सांध्यातून निसटली आणि चाबकासारखी उलटून चिरंजीवांच्या भुवईवर बसली.

मला दूरध्वनी आला तेव्हा मी तासावर होतो. तुळजापूर रस्त्याने तामलवाडीला पोचेपर्यंतचा अर्धा तास मला अजून सबंध आठवत नाही. दोन टाके पडले. डॉक्टर एवढेच म्हणाले की अर्धा इंच खाली बसली असती तर त्यांच्याकडे आणून उपयोग नव्हता.

त्या रात्री मी बोललो ते सगळे इथे लिहीत नाही. यंत्र, खेळ, अभियांत्रिकी, सगळ्यांचा उद्धार केला. आण्णांनाही सोडले नाही. "तुमच्यासमोर हे झालं!" असे मी म्हणालो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी वडिलांवर पहिल्यांदा आवाज चढवला. आण्णा खाली बघत होते. मग म्हणाले, "व्हय. माजं ध्यान पायजे हुतं." नळी आणायचे विसरले कोण, हे त्यांना ठाऊक होते. ते त्यांनी काढले नाही.

महिनाभर सारे बंद होते. ट्रंक सोलापुरात माळ्यावर. घर कसे शांत. इतके शांत की ते मलाच बघवेना. जुलैत एका रविवारी आण्णा न कळवता सोलापूरला आले. पिशवीत आगारातला जुना जाड काचांचा चष्मा होता, बाजूने चामड्याची झापड असलेला. तो त्यांनी नातवाच्या पुढ्यात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी असल्याबिगर हवा भरायची न्हाई. आन् भरताना समोर हुबं ऱ्हायाचं न्हाई, कडंला ऱ्हायाचं." मी उठलो, बाजारात गेलो आणि नळी घेऊन आलो. पाच मीटर. लागत होती अर्धा मीटर.

यंत्र उभे राहिले, पण फेकीना. फळीवर लिंबू ठेवून कळ दाबली की लिंबू वर येई ते एखाद्या पेन्शनराने आरामखुर्चीतून उठावे तसे. चिरंजीवांनी विजेवर चालणारी जी झडप मिळवली होती ती सहा ग्रॅमची होती. झडप लहान म्हणून भोक बारीक, भोक बारीक म्हणून हवा सावकाश. मोठ्या झडपेला वजन नाही उरत. आठवडाभर हेच कोडे. आण्णा भिंग लावून सगळे उलटसुलट बघत. त्यांच्या बोटांना आता कंप आहे; तीन मिलिमीटरचा स्क्रू त्यांना धरता येत नाही. "आमच्या नटाला पाना लागायचा," ते म्हणत, "तुज्या नटाला चिमटा लागतो."

एका संध्याकाळी त्यांनी विचारले, "टाकी कुटं ठिवलीस?"

"मागं. वजनाचा तोल राहावा म्हणून."

"आन् नळकांडं म्होरं. बरं, यश्टीचा मागला ब्रेक कसा लागतो सांग."

नातवाला सांगता आले नाही, आणि मुलाला तर नाहीच. मग आण्णांनी जमिनीवर खडूने बस काढली. ड्रायव्हर पुढे बसतो, मागची चाके पार मागे. पेडलापासून सगळी हवा मागे धाडायची म्हटली तर ती पोचेपर्यंत गाडी पुढच्या गावाला जाईल. म्हणून मागच्या आसापाशीच एक टाकी आणि तिच्या जवळ एक मोठी झडप बसवलेली असते. तिला रिले म्हणतात. पेडलाकडून बारीक नळीने थोडीशीच हवा येते आणि तेवढ्याने ती मोठी झडप उघडते. "डायवर नुसता निरोप धाडतो," आण्णा म्हणाले. "हवा जागंवरच हुबी असती."

मी इतकी वर्षे रूपक शिकवतो. असे नेमके वाक्य मला वर्गात कधी सुचलेले नाही.

चिरंजीव तोवर खिळ्यांचा डबा उपडा करीत होते. दातांच्या डॉक्टरांची ती पितळी झडप, हवेनेच उघडणारी! तिचे जादा वजन सांगाड्याला भोके पाडून भरून काढले. टाकी नळकांड्याला खेटून आली, झडप दोघांच्या मधे, आणि सहा ग्रॅमची विजेची झडप नुसती निरोप्या. आण्णांनी चष्मा चढवला, आम्हांला कडेला उभे केले, आणि म्हणाले, "हाण."

लिंबू आढ्याला लागले.

हवेच्या खेळाचा हा वेडा नाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाला क्टेसिबिअस नावाचा एक न्हाव्याचा मुलगा होता. बापाच्या दुकानातला आरसा वरखाली करता यावा म्हणून त्याने एका नळीत शिशाचे वजन सोडले. वजन खाली येताना नळीतली हवा दाबली जाऊन शीळ वाजली, आणि त्या शिळेच्या नादाने तो पुढे पंप आणि पाण्यावरचे वाद्य करून बसला. व्हिट्रूव्हिअसच्या ग्रंथात ही हकीकत आहे. मी ती आण्णांना सांगितली. त्यांनी विचारले, "बाप काय म्हनला?" ते ग्रंथात नाही.

कोजागिरीला आमच्या रस्त्यावर रात्र होत नाही. सोलापुराकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते; म्हातारेकोतारे, बायका, कडेवर पोरे. गावोगाव लोक चहा-फराळ घेऊन उभे असतात. आमच्या ओट्यावर त्या रात्री चहाचे पातेले आणि शेजारी अर्ध्या शेराचा पैलवान असे दोन्ही होते. दमलेली पोरे थांबत, आण्णा फळीवर लिंबू ठेवीत, चिरंजीव कळ दाबीत. कुपीत हवा दहा मिलिलिटर, एका उडीला दोन लागते. चौथ्या-पाचव्या उडीला दम संपे. मग आण्णा कुपी घेऊन पंक्चरच्या दुकानात जात आणि भरून आणीत. किती खेपा झाल्या कोण जाणे. एका आजीबाईंनी फळीपुढे हात जोडले. त्यांना काय वाटले ते मी विचारले नाही.

जानेवारीत पुण्याला स्पर्धा होती. चिरंजीवांनी अर्ज भरून माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला दिला. संघाचे नाव, यंत्राचे वजन 449 ग्रॅम, आणि शेवटी 'मार्गदर्शक' असा रकाना. त्यात आण्णांचे सबंध नाव होते आणि पुढे लिहिले होते : 'एअर ब्रेक मेकॅनिक, एस.टी. (निवृत्त)'. मी 'निवृत्त'चा पहिला ऱ्हस्व नीट आहे ना ते पाहिले. मग उगाच सगळा अर्ज पुन्हा वाचला. आण्णा समोर बसून शेंगा सोलत होते.

"बरुबर हाय का लिवलेलं?" त्यांनी विचारले.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "पूर्वी माझ्या अर्जात चुकलं होतं."

त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "त्याला लई दिस झालं," ते म्हणाले, आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

पुण्यात आमच्या पैलवानाने पहिली कुस्ती मारली. समोरच्या पातेवाल्याला दुसऱ्याच उडीत उताणे केले आणि त्याला सरळ होता येईना. दुसऱ्या कुस्तीत पहिल्या तीन उड्या हुकल्या, चौथी अर्धवट लागली, आणि पाचवीला हवा नव्हती. पुढचे सांगण्यासारखे नाही. समोरच्या पात्याने आमची पुढची फळी आणि भंगारातले ते नळकांडे, दोन्ही कापून काढली. चिरंजीव कापलेले तुकडे रुमालात बांधून घरी घेऊन आले.

आण्णांनी रुमाल उघडला. हरल्याचे त्यांनी विचारलेच नाही. तुकडे एकेक करून भिंगाखाली धरले, दट्ट्या बोटाने ढकलून पाहिला, आणि पितळी झडप धड आहे हे बघून ती वेगळी काढून ठेवली.

"पाचव्या उडीला हवा न्हवती म्हंतूस. मंग दोन कुप्या जोडाया पायजेत," ते नातवाला म्हणाले. "दोन कुप्या म्हंजे दुसरी झडप आली." मग माझ्याकडे वळले. "तुज्या दातवाल्याकडं अजून एक हाय का इचार."

माझे दात सध्या ठणठणीत आहेत. तरी परवाची वेळ घेऊन ठेवली आहे.